शिट्टीच्या राज्यात डाळ शिजली त्याची बखर

श्री अन्नपूर्णेस वंदन, पाळण्यातील बाळकृष्णास वंदन, आणि तो निजला आहे तोंवर लिहिली हकीकत ऐसीजे. शके सतराशे अमुक, दुंदुभीनाम संवत्सरी, एका राज्यात राजश्री भद्रसेन महाराज सुखरूप नांदत असता नगरशेट हिरोबा लाड यांणी कुकर नामे यंत्र बाजारी आणिले. त्याची कीर्ती ऐसी की, डाळ घालावी, शेगडीवर चढवावी, आणि बाईने पदर खोचावा न खोचावा तोच तीन शिट्ट्या देऊन यंत्राने मोकळे व्हावे. आणि त्या राज्याची रीत ऐसी की, नैवेद्य दाखविण्यापूर्वी चव घेणे म्हणजे अन्न उष्टे करणे, महापाप. सबब तीन शिट्ट्या जाल्या म्हणजे शिजले, हाच कायदा जाला. झाकण काढून खात्री करावी हे कोणाचे मनात येईना. मग घरोघर कुकर गेले आणि घरोघर शिट्ट्या जाल्या आणि देवांसुद्धा सकळ राज्य कच्ची डाळ खाऊ लागले.

प्रथम कोणी बोलले नाही. राजवाड्यात पंगत बसे, कुडुम कुडुम आवाज होई, आणि महाराज म्हणत, “आज वरणात तेज आहे.” प्रधानजी गाल धरून म्हणत, “तेज पार दाढेपर्यंत पोचलं, महाराज.” मग महाराजांची दाढ पडली. राजवैद्यांनी नाडी पाहोन शिट्ट्या कमी पडतात असे निदान केले, आणि पाच शिट्ट्यांचा हुकूम जाला, तो दुसरीही दाढ पडली. मग दोष डाळीचा ठरोन तुरीवर राजद्रोहाचा आरोप ठेविला, पोती साखळदंडांनी जखडून किल्ल्यावर घातली आणि वर पहारे बसविले. परंतु मोठा अनर्थ तो लेकरांचा. भातही कुकरातच, मऊ शीत कोठे मिळेना, म्हणोन उष्टावणे खोळंबली. अंगणात पळणारी पोरे आईच्या दुधावरच राहिली, आणि आयांचे डोळे खोल गेले.

ते समयी शेटजींच्या कारखान्यात कुकरास शिट्ट्या बसविणारी तानूबाई तांबट म्हणोन होती. नवरा नाही, भाऊ नाही, काखेस तान्ही छबी. लोकांची कुरकुर वाढली तेव्हा शेटजींनी दरबारी हात जोडिले आणि सांगितले की, यंत्र निर्दोष, या बाईने लेकरू थोपटता थोपटता शिट्ट्या उलट्या बसविल्या. आणि महाराजांस दाढदुखीने विचार सुचेना, मग शिक्षा फर्माविली की, तानूबाईने कारखाना सोडावा, आणि जन्मभर दारोदार फिरोन ज्याची डाळ शिजेल त्याचे उंबऱ्यात तोंडाने शिट्टी वाजवावी. तानूबाई म्हणाली, “शिक्षा सोसते महाराज, पण दर शिट्टीला ही दचकून उठणार. मग हिला निजवू कधी?” प्रधानजींनी छताकडे पाहिले.

तेव्हा गिऱ्हाइकांच्या सभेच्या कारभारीण वेणूताई घैसास पुढे आल्या. या बाई पेरूसुद्धा दाबून घेत, सबब बाजार त्यांस वचकून असे. त्या म्हणाल्या, “शेटजी, तानूचा हात न लागलेला एखादा कुकर आहे का हो तुमच्याकडे?”

“आहे तर! ही कामाला येण्याच्या आधीचा, पहिलावहिला. देव्हाऱ्यात असतो. फूल वाहतो रोज.”

“आणवा बघू.”

मग तो कुकर पालखीत घालोन चवऱ्या ढाळीत आणिला, तो दरबाराच्या पायरीशीच त्याणे शिट्टी दिली. भोई पालखी टाकोन पळाले. खाली विस्तव नाही, आत पाण्याचा थेंब नाही, आणि कुकर दुसरी शिट्टी देतो, तिसरी देतो. छबी दचकून रडू लागली. प्रधानजी सवयीने बोलून गेले, “शिजलं, महाराज.”

“काय शिजलं?” म्हणोन वेणूताईंनी झाकण काढिले, तो आत झेंडूचे फूल. आणि शिट्टी उपसली, तो तीत घड्याळाची कमान आणि किल्ली.

शेटजी घामाघूम जाले आणि ओरडले, “मी शिट्टी विकली, शिट्टी वाजते! सरपण वाचतं म्हणून तुम्हीच रांगा लावल्यात. झाकण काढू नका असं मी म्हटलं होतं?”

“नव्हतं म्हटलं. ती आमची चूक. पण बोट मात्र बरोबर लेकुरवाळीकडे दाखवलंत! ही कमान कोणी बसवायला लावली, तिनं का तुम्ही?”

“मी.”

“मोठ्यानं बोला. महाराजांची दाढ दुखतेय, कान नाही.”

“मी हो, मी!”

मग वेणूताईंनी दरबारातच शेगडी पेटवोन साध्या पातेल्यात डाळतांदूळ चढविले. सभा घाबरी जाली की, शिट्टी नाही तर उतरवावे केव्हा? बाई म्हणाल्या, “शीत चिमटीत दाबा. दाबणं म्हणजे चाखणं नव्हे.” यावर शास्त्रीमंडळींनी बोटांस जीभ असते की नसते याचा वाद मांडिला, आणि नसते असा निर्णय होई तोंवर भात शिजला. महाराजांनी स्वहस्ते शीत दाबिले आणि “मऊ!” इतकेच बोलोन त्यांचे डोळे भरोन आले. तुरीस तत्काळ माफी जाली. मग देवास नैवेद्य दाखविला. आणि उष्टावणास मामा लागतो, तानूस तर भाऊ नाही, सबब महाराज मांडी घालोन बसले आणि मामा जाले. अंगठीने वरणभाताचा घास छबीच्या ओठांस लाविला. छबीने तोंड वाकडे केले, विचार केला, गिळला, आणि पुन्हा आ केला. तेव्हा चौघडा वाजणार, तो तानूबाईंनी हाताने खूण करोन राहविला.

येणेप्रमाणे जाले. कुकर सारे परत घेवविले, तानूबाईंचे काम कायम राहिले आणि ज्याणे माल घेतला त्याणे झाकण काढोन विचारावे, हा हक्क ठरला. फर्माविली शिक्षा मात्र मागे फिरत नाही, सबब नाव तेवढे बदलले. शेटजी अद्याप दारोदार फिरतात, आतून बाईने शीत दाबून होय म्हटले की शिट्टी वाजवितात. फक्त जेथे पाळणा आहे तेथे त्यांस शिट्टीची मनाई. तेथे दाराशी उभे राहोन, मान हलवोन, पायताणे हाती घेऊन पुढे जातात.