अंबादासरावांचा पाना

आमचे शेजारी अंबादासराव यांच्या घरातलं देवघरसुद्धा नट-बोल्टांनी जोडलेलं आहे. देव उचलायचे, पाना फिरवायचा, की देवघर सुटं. तो पाना कायम त्यांच्या खिशात. माझ्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडेपर्यंत हे गृहस्थ मांडवाचे बोल्ट आवळत होते.

ही खोड त्यांना सरकारने लावली, असं माझं मत आहे. फवारणीच्या पंपाची नोझलं बनवायचा त्यांचा छोटा कारखाना. मागास भागात कारखाना नेला तर काही वर्षं विक्रीकर माफ, अशी योजना निघाली. वाचलेल्या करातून नवं मशीन येईल, हे अंबादासरावांनी लगेच ताडलं आणि औरंगाबादेतलं अख्खं शेड सोडवून चितेगावला उभं केलं. "पक्कं काय बी करायचं नाय. सवलत तिथं आपण." लोक हसले, पण मशीन आलं, आणि गावातल्या बायांना बारमाही काम मिळालं. असा धडाडीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे चितेगावची सवलत संपली. सोयगावकडे नवी मिळत होती. पॅकिंगच्या सुमनबाई म्हणाल्या, "सायेब, इतक्या लांब आमी कसं यावं? लेकरं हायेत, घरं हायेत."

तरीही अंबादासराव मला घेऊन सोयगावची जागा बघून आले. जागा झकास होती. परतताना गाडीत म्हणाले, "औरंगाबादचं शेड हलवलं तवा एकूण एक बोल्ट आला. गुलाब मिस्त्री नाय आला. आई अंथरुणाला होती त्याची. रोज एका डब्यात जेवायचो आमी. आता त्यो बी जगात नाय."

"आणि तुम्ही?"

"एकटाच जेवतो. लई वर्षं झाली."

पुढच्या आठवड्यात चितेगावला गेलो, तर बाया जेवायला बसतात तिथे लांबलचक ओटा बांधलेला. मी सवयीने वाकून बोल्ट शोधला. निव्वळ सिमेंट होतं.

"आणि विक्रीकर?" मी विचारलं.

"भरू की. नवं मशीन जरा उशिरा घिऊ," म्हणत त्यांनी खिशातला पाना काढून बाजूला ठेवला आणि ओट्यावर बसून डबा उघडला. सुमनबाईंनी न विचारता त्यांच्या भाकरीवर ठेचा वाढला.