विचारून वापरावी

कापूरहोळच्या फाट्यावर किसनअण्णांकडे फोटो काढला, की त्याच्या पाठीवर जांभळा शिक्का मिळायचा : ‘ही तऱ्हा किसन फोटोवाल्याची. विचारून वापरावी.’ आधारकार्डाच्या फोटोलाही शिक्का, लग्नाच्या अल्बमलाही. एकदा शेजारच्या ढाब्याला मेनूकार्डासाठी फोटो काढून दिला, तर पिठलं-भाकरीच्या मागेही तोच शिक्का.

अण्णा मूळचे गुंजवण्याचे. राजगडाच्या पायथ्याला घर आणि फाट्यावर पंक्चरवाल्याला खेटून दुकान. जगातल्या निम्म्या गोष्टी आपल्याला आधी सुचल्या, अशी त्यांची ठाम समजूत होती. नवरदेवाला मोटारसायकलवर तिरपा बसवणं, नवरीला उंबऱ्यात उभी करणं, बाळाला सुपात निजवणं, सगळं त्यांचं. गावाकडे असले, की गड पाहायला आलेल्या पुण्याच्या पोरांवर त्यांचं लक्ष असे. कुणी बालेकिल्ला खांद्यावर येईल असा सेल्फी घेताना दिसला, की अण्णा बांधावरून ओरडत.

“ओ पाव्हणं! गड खांद्यावर घ्यायचा तर इचारून घ्या. ती तऱ्हा माझी हाय.”

“काका, गडपण तुमचाच का?”

“गड महाराजांचा. खांदा माझा.”

पंक्चरवाला त्यांना रोज छळायचा. “अण्णा, शिंक आलीया. शिंकू का? का त्याला पण शिक्का?”

“शिंक तुझी. पर त्वांड फिरवून शिंकायचं म्या तुला शिकिवलं, ह्ये इसरू नगंस.”

सगळे हसायचे. मीही हसायचो. मी भोरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांना फोटो हवा होता, म्हणून अण्णांकडे गेलो. आमची मंडळी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

अण्णांनी मला स्टुलावर बसवलं. “सर, डोळं मिटा. ह्यो फोटू कुणी बघावा वाटतं, त्याला आठवा. आठवला की उघडा.”

“अहो, पेन्शनचा फोटो आहे. कचेरीतला क्लार्क बघणार.”

“क्लार्क बघत न्हाई, चिकटवतो. शंभर जण फोटू चाळत्यात सर, बघणारा येकच असतो. मिटा डोळं.”

मी मिटले. उघडले. कचेरीतल्या बाईंनी फोटो हातात धरला आणि म्हणाल्या, “सर, हा घरी ठेवा. फॉर्मला दुसरा आणा.”

त्यानंतर मी अण्णांच्या दुकानात जाऊन बसू लागलो. किकवीचा एक टेम्पोवाला डोळे मिटून बसला तो बसलाच. बाहेर गिऱ्हाईकं खोळंबली. “अण्णा, कुणीच येत न्हाई वो डोळ्यापुढं.”

“मग बसून ऱ्हावा. शीट भरल्याबिगर तुमी तरी टेम्पो सोडता का?”

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले, तेव्हा त्या दांडग्या गड्याचा चेहरा शाळेतून घरी आलेल्या मुलासारखा झाला होता. वेल्ह्याकडच्या म्हाताऱ्या यायच्या, पुण्या-मुंबईतल्या मुलांना फोटो पाठवायला. डोळे मिटताना त्या म्हाताऱ्या असायच्या, उघडताना नुसत्या आया. राजगड खांद्यावर घेणं अण्णांच्या आधी हजारांना सुचलं असेल. ही तऱ्हा मात्र खरोखर त्यांची एकट्याची होती. मला ते कळत होतं. हे आज लिहून ठेवतो, कारण तेव्हा बोललो नाही.

मुलीने मला चांगला कॅमेरा घेऊन दिला. मी गावोगाव हिंडलो, लोकांना डोळे मिटायला लावले, उघडल्यावर फोटो काढले. भोरमध्ये प्रदर्शन भरवलं. पुण्याहून माणसं आली. ‘ही पद्धत कशी सुचली?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “चाळीस वर्षं मुलांचे चेहरे पाहिले, त्यातून सुचली.” किती सहज म्हणालो!

दुसऱ्या दिवशी अण्णा एसटीने आले. धुतलेली टोपी, हातात पिशवी. एकेका फोटोपुढे थांबत सगळी भिंत पाहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “सर, लई ग्वाड फोटू. माझं नाव कुठं लावलंय? मला घावलं न्हाई.”

आजूबाजूला पाहुणे होते. पंक्चरवालाही आला होता. तो ओरडला, “आला, अण्णांचा शिक्का आला!” आणि हशा पिकला. त्या हशाने मला आयती वाट करून दिली.

“किसनराव,” मी वर्गात बोलतो तसं मोठ्याने म्हणालो, “कायद्याचा हक्क फोटोवर असतो, तऱ्हेवर नसतो. तुमचा एक तरी फोटो मी घेतलाय का? कल्पना वाऱ्यासारखी, तिला कुंपण नसतं.”

“म्या कायदा कुठं मागतोय, सर? नाव मागतोय.”

“बसा इथं. दाखवतोच.” मी खुर्ची ओढली. ते बसले. मी कॅमेरा उचलला आणि त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच हेलात म्हणालो, “डोळं मिटा. ह्यो फोटू कुणी बघावा वाटतं, त्याला आठवा.” लोक हसत होते. अण्णांनी डोळे मिटले. उघडले. मी बटण दाबलं. “आता सांगा, हा फोटो कुणाचा? माझा. कायद्याने माझा.”

“व्हय सर,” ते म्हणाले. पिशवी घेऊन उठले आणि गेले.

कायदा मी बरोबर सांगितला होता. नंतर एका वकिलालाही विचारून घेतलं. पण अण्णांच्या शंभर पोकळ दाव्यांच्या आड मी त्यांचा एक खरा दावा लपवला, त्याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही.

त्यानंतर त्यांनी फोटोंवर शिक्का मारणं सोडलं. बांधावरून ओरडणंही थांबलं. “अण्णा शहाणं झालं,” असं पंक्चरवाला म्हणायचा, पण त्याला करमत नव्हतं. मी फाट्यावरून जाताना एसटीत पलीकडच्या खिडकीला बसायचो.

गेल्या माघात अण्णा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांची पुतणी सुनंदा माझ्या दारात आली. “सर, भितीला लावायला काकांचा फोटू न्हाई. जलमभर दुसऱ्याचंच काढलं. तुमच्याकडं येक हाय म्हणं.”

“कोण म्हणालं?”

“काकाच. म्हणायचे, सरांकडं माझा येक फोटू हाय. लागला कधी, तर मागून घे. झ्याक आलाय.”

“त्यांनी तो पाहिला नव्हता गं. मीही पाहिलेला नाही.”

“म्याबी त्येच इचारलं, बघितला न्हाई तर झ्याक कसा? तर म्हणाले, डोळं मिटल्यावर सरच दिसले. त्येच बघणार व्हते, मग दुसऱ्या कुणाला आठवू?”

ती गेल्यावर मी कॅमेरा काढला. त्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या मित्राने हाक मारावी आणि आपण वळून पाहावं, तसे अण्णा माझ्याकडे पाहत होते.

तेराव्याला फ्रेम घेऊन गुंजवण्याला गेलो. सुनंदाला म्हटलं, “काकांचा शिक्का आहे का गं?” तिने फळीवरून डबा काढून दिला. शाईचं पॅड वाळून गेलं होतं. त्यावर थोडं पाणी शिंपडलं, फ्रेम पालथी घातली आणि शिक्का दाबला. ‘ही तऱ्हा किसन’ एवढंच उमटलं.

पुन्हा पाणी शिंपडलं. पुन्हा दाबला.

“ऱ्हाऊ द्या सर,” सुनंदा म्हणाली. “भितीकडची बाजू. कोण बघणार हाय?”

“एक जण बघतो,” मी म्हणालो, आणि पिशवीतून प्रदर्शनातले सगळे फोटो काढून शिक्क्याजवळ पालथे मांडले.