मालिनीबाईंच्या स्वारीचे विमानारोहण

श्री. आकाशी जे उडते आणि भूमीवर जे खोळंबते, त्या उभयतांचे रक्षणकर्त्यास नमन करून लिहितो ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, ज्या राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही त्या राज्याचे विमानतळी मालिनीबाई टिपणीस यांची स्वारी चाकांचे खुर्चीतून दाखल जाहली. बाईंचे पाय बाळपणीचे दुखण्यात गेलेले. दूरचे शहरी धाकटी बहीण सुलभा इस्पितळी होती, चार वाजता तिचे हृदयाची शस्त्रक्रिया नेमली होती, आणि तिने हट्ट धरिला होता की ताईचे तोंड पाहिल्यावाचून आत जाणार नाही. डॉक्टर म्हणाले, थांबू, परंतु चारपावेतोच. सबब बाराचे विमान गाठणे प्राप्त होते. बरोबर यजमान अनंतराव होते. ते पायांनी धडधाकट, कानांनी ठार बहिरे. परंतु तैसे कबूल करणे त्यांस कमीपणाचे वाटे, म्हणून कोणी काही पुसिले की हसून मान डोलवीत.

आता त्या राज्याची रीत ऐसी की बसल्या माणसाविषयी जे पुसणे ते उभ्या माणसास पुसावे. मग तिकिटाचे कारकुनाने अनंतरावांस पुसिले की पेशंट जिना चढतील ना, आणि अनंतरावांनी मान डोलविली, आणि कारकुनाने तैसे लिहून घेऊन, खुर्चीसकट विमानाचे दारी चढविणारी जी लिफ्टची गाडी, ती माघारी धाडिली. बाई मध्ये बोलू गेल्या, तो कारकुनाने आजींनी टेन्शन घेऊ नये ऐसे अनंतरावांसच सांगितले, आणि तेथेही मान डोलली. मग स्वारी विमानाखाली पोहोचली तो समोर वीस पायऱ्यांचा जिना. मग खासे अधिकारी नेरूरकर धावत आले, आणि हातांवर उचलून न्यावे तर नियम आड येई, म्हणून अनंतरावांस म्हणाले की उद्याचे विमानाने जावे, चालेल ना. अनंतराव हसले. मान हालणार, इतक्यात बाईंनी यजमानांचा सदरा धरून त्यांस खाली ओढिले आणि नेरूरकरांस म्हणाल्या,

"साहेब, इकडे खाली बघा. पाय माझे गेलेत, आणि ह्यांना ऐकू येत नाही. पाऊण तास तुम्ही सगळे भलत्याच माणसाला विचारताय."

नेरूरकर खजील जाहले. मग टाचांवर बसले आणि बाईंस पुसिले, "ताई, जिना चढता येतो का?"

"नाही."

इतकेच बोलणे जाहले, आणि लिफ्टची गाडी आठ मिनिटांत परत आली, आणि बाई विमानात चढल्या.  वाटेत अनंतरावांस फार वाईट वाटत होते, आणि बाईंस त्यांचा रागही आला होता आणि दयाही.

मग चारास दहा मिनिटे असता बाई इस्पितळी पोहोचल्या. सुलभाबाईंस गाडीवर निजवून आत नेत होते. एक बसलेली, एक निजलेली, म्हणून दोघींची तोंडे एका उंचीवर आली, आणि कोणास वाकावे लागले नाही.

"आलीस?" सुलभाबाई म्हणाल्या, आणि मग आत गेल्या.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली. विमानतळी रीत पूर्ववत चालू आहे.