यमुनाक्काला समजत नाही

एका जंगलात घर खायची सोय निघाली होती. दातांनी नव्हे रे पोरांनो, तसं वाळवी खाते. ही सोय तरसाने काढली होती. आपली ढोली, बीळ, जाळी, जे काय असेल ते त्याच्याकडे गहाण ठेवायचं आणि बदल्यात पोटाला न्यायचं.

तरस सारखा हसायचा. हसणाऱ्याची भीती वाटत नाही, म्हणून त्याच्या दारात कायम रांग.

या जंगलात यमुनाक्का नावाची धनेशीण राहायची. धनेश म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. त्यांच्यात एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की बाई झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट तेवढी ठेवते. नवरा बाहेरून फळं आणून भरवतो. आत तिची पिसं गळतात, मग ती पुन्हा येईपर्यंत तिला उडता येत नाही. बाळंतिणीला एवढा आराम आपल्यात कुठला, ते सोडा.

त्या वर्षी वादळात ढोली वाचली, पण ज्याची फळं ते खायचे ते उंबराचं झाड पडलं.

"आता भरवू काय तुला?" नवरा म्हणाला.

म्हणून यमुनाक्का तरसाकडे गेली. ढोली गहाण ठेवली आणि ढीगभर उंबरं घेतली.

तरसाने अटी वाचून दाखवल्या. पहिली सावकाश. बाकीच्या हसत हसत, भरभर.

"समजलं ना, अक्का?"

यमुनाक्काला काडीचं समजलं नव्हतं. पण मागे रांगेत शेजारीण हरणी उभी होती. तिच्यासमोर नाही कसं म्हणायचं?

"समजलं की," ती म्हणाली, आणि चिखलात पंजा उमटवून मोकळी झाली.

मग ती ढोलीत लिंपून बसली. अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात न येतात, तोच झाडाखाली तरस हजर. सोबत दार फोडायला चार माकडं.

"अक्का, उंबरं दुप्पट झाली. ढोली रिकामी करा."

"दुप्पट कशी झाली? मी तर रोज खातेय."

"दर अमावास्येला वाढतात. वाचलं होतं मी."

"माझी पिसं गळलीत. पिल्लं उघडीनागडी आहेत. जाऊ कुठं मी?"

"ते अटींत नाही," तरस म्हणाला आणि हसला.

नवरा उडाला तो थेट वडाखालच्या पंचायतीत. ओढ्याच्या अलीकडे हुकूम या पंचायतीचा, आणि तिथली सरपंच सायाळबाई. तिचे काटे पाठीवर, आणि जिभेवरही. तिने उभ्या उभ्या ठराव केला. ज्याचं दार लिंपलेलं, त्याच्या घराला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ओढ्याअलीकडच्या सगळ्यांनी दारं लिंपली. ओढ्याला चिखल उरला नाही. साप आणि उंदीर एकाच बिळात लिंपून बसले, कारण दोघांनी तेच बीळ गहाण टाकलं होतं आणि तरसाने दोघांनाही माल दिला होता. संध्याकाळपर्यंत आतून दोघांचे आवाज येत होते. नंतर एकाचाच.

तरस गेला वाघमहाराजांकडे.

"महाराज, ओढ्याच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. धंदा करायचा कसा? राज्य तुमचं की सायाळीचं?"

शेवटचा प्रश्न वाघाला बरोबर जाऊन लागला.

"जंगल एक, नियम एक," तो गुरगुरला. "पण लिहायचा कुणी? दुपारी माझी झोप असते."

"मी लिहूनच आणलाय," तरस म्हणाला.

नियम असा होता. घरांच्या भानगडीत पंचायतीने पडू नये. सायाळीचा ठराव रद्द. मात्र प्रजेच्या रक्षणासाठी तरसाने दारात जाऊन सगळ्या अटी मोठ्याने वाचाव्यात, आणि कर्जदार 'समजलं' म्हणेपर्यंत घराला हात लावू नये.

सायाळबाईने कपाळावर पंजा मारून घेतला. "समजलं नाही असं चारचौघांत म्हणणारा कुणी पाहिलाय का?"

तरसानेही पाहिला नव्हता. त्याचा धंदा त्यावरच तर चालायचा.

आधी तो सशाकडे गेला. सशाने सगळं ऐकून ऐटीत मान डोलावली. "समजलं की. त्यात काय अवघड आहे?" रात्री ससा गवतात उघड्यावर होता.

मग यमुनाक्काची पाळी. तरसाने वर तोंड करून अटी वाचल्या. माकडं फांदीवर तयार. हरणीही मजा बघायला आलेली.

"समजलं ना, अक्का?"

'समजलं' जिभेवर आलंच होतं. तेवढ्यात धाकट्या पिल्लाने आईच्या पिसं नसलेल्या कुशीत डोकं खुपसलं.

"नाही समजलं," यमुनाक्का म्हणाली.

तरसाचं हसू अडखळलं. त्याने पुन्हा वाचलं.

"दुसरी अट ऐकता ऐकता पहिली विसरले बघा."

हरणी फिदीफिदी हसली. "इतकी कशी गं मठ्ठ तू?"

"मठ्ठ तर मठ्ठ. घरात तर आहे."

हरणीचं हसू तिथेच थांबलं. तिचीही जाळी गहाण होती. दुसऱ्या दिवशी तरस तिच्या दारात गेला, तर तिलाही समजेना. मग भेकराला समजेना, मुंगसाला समजेना. सगळं जंगल एका रात्रीत ढ झालं.

तरस दारोदार वाचत सुटला. माकडं कंटाळून निघून गेली. रोज यमुनाक्काच्या झाडाखाली मान वर करून ओरडायचा, आणि घसा बसत चालला.

एक दिवस थोरल्या पिल्लाने फटीतून चोच काढली. "आई, मला समजलं. अमावास्येला दुप्पट."

"ऐकलं," तरस नाचायला लागला. "समजलं म्हणाले."

यमुनाक्काने पिल्लाच्या तोंडात उंबर कोंबलं. "पंजा कुणाचा उमटलाय? माझा. त्याला समजलं असेल तर त्याचं घर घे. त्याच्याकडे अजून पिसंसुद्धा नाहीत."

असेच दिवस गेले. यमुनाक्काला नवी पिसं आली. ओढ्यापलीकडचा उंबर फळांनी लगडला. तरसाचा घसा असा बसला, की हसायला गेला तरी नुसती हवा यायची.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "नेलीत तेवढी उंबरं परत द्या, आणि मला सोडा."

"हे मात्र लगेच समजलं," यमुनाक्का म्हणाली, आणि आतून चोचीने दार फोडायला लागली.

वाघमहाराजांनी दवंडी पिटली, की त्यांच्या नियमाने प्रजेची घरं वाचली. ससा ती गवतात बसून ऐकत होता.

तात्पर्य : शहाण्याला एकदा सांगितलं की समजतं. म्हणून त्याचं घर आधी जातं.