रस्त्यापलीकडची सहल

टॅरो पॉइंटची प्राथमिक शाळा आणि समुद्र यांच्यामध्ये एक रस्ता आहे. त्यावरून दिवसाला साधारण अकरा गाड्या जातात. चौथीच्या वर्गाची सहल या समुद्रावर न्यायचे ठरले, तेव्हा वर्गशिक्षिका ग्लेनिस होवी हिने नियमाप्रमाणे चौदा आठवडे आधी अर्ज केला.

सहलीचे कारण होते जसिंटा रूनी. या मुलीला खडकाच्या कपारीत ऑक्टोपसची एक मादी सापडली होती, आणि जसिंटाने तिचे नाव मेव्हिस ठेवले होते. पाणी फार मागे हटले तरच मेव्हिसचे घर उघडे पडायचे. तशी ओहोटी शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी होती. शनिवारी जसिंटाचे बिऱ्हाड हलणार होते. वडिलांना देशाच्या पार पोटात, खाणीवर काम मिळाले होते.

"मिस, मी गेल्यावर सगळे म्हणणार, जसिंटा नुसत्या थापा मारायची."

"शुक्रवारी दाखवूच त्यांना," ग्लेनिस म्हणाली. "शब्द देते तुला."

शब्द देणे सोपे होते, कारण त्याला फॉर्म लागत नाही. सहलीला अकरा पानी जोखीम-निवारण आराखडा लागतो. त्यात 'पालकांनी सुचवलेले धोके' असा एक तक्ता असतो आणि टॅरो पॉइंटचे पालक मायाळू आहेत. त्यांनी चाळीस धोके सुचवले. 'खडक निसरडा असणे' हा पहिला. 'समुद्र ओला असणे' हा सातवा. 'सीगल पक्ष्याने सँडविच पळवल्याने मनावर परिणाम' हा एकोणिसावा. एका वडिलांनी 'मुलीला समुद्राची गोडी लागू शकते' असेही लिहिले होते. प्रत्येक धोक्यापुढे एक उपाय आणि प्रत्येक उपायाखाली ग्लेनिसची सही.

रस्ता ओलांडणे हा दुसऱ्या क्रमांकाचा धोका असल्याने बस मागवली. ती पन्नास किलोमीटरवरून आली. बसचे दार डावीकडे. म्हणजे शाळेच्या फाटकात मुले चढली, तर समोरच्या किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बस वळवून आणायला हवी, आणि एवढी मोठी बस वळेल असा चौक सात किलोमीटरवर.

"जाऊन येऊन अर्धा तास," ड्रायव्हर म्हणाला. "पण बाई, समुद्र तर हा समोर दिसतोय की!"

"दिसतोय हो. बघायला परवानगी लागत नाही," ग्लेनिस म्हणाली.

साडेदहाला वीस मुले आणि चार मोठी माणसे रांगेत उभी राहिली. दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस, हिशेब चोख. मुख्याध्यापक वॉरन पिगट रांग तपासत आले आणि जसिंटापाशी थांबले.

"टोपी कुठाय?"

"सामानाच्या ट्रकात गेली, सर. आईनं चुकून बांधली."

शाळेत टोपी नाही तर उन्हात जाणे नाही. हा नियम पहिलीतले पोरही झोपेत सांगेल.

"माझी घे," मैत्रीण म्हणाली.

"अजिबात नाही! धोका क्रमांक तेवीस, दुसऱ्याच्या टोपीतून उवा," पिगट म्हणाले.

"मग माझी देते," ग्लेनिस म्हणाली.

"उवा काय शिक्षिकेला विचारून चढतात? आणि तू बोडकी फिरलीस तर मुलांसमोर आदर्श कसला? तिला बसू दे शेडमध्ये, एका पालकासोबत."

"मग एकोणीस मुलांना आम्ही तिघंच उरतो, वॉरन."

पिगटांनी बोटांवर मोजले. चेहरा पडला. "मग कुणालाच जाता येणार नाही. ग्लेनिस, मला जुलैत निवृत्त व्हायचंय गं. सुखानं होऊ दे."

अशा रीतीने सगळा वर्ग शेडखाली बसला. अकरा वाजले. पाणी हटत गेले, काळे खडक उघडे पडले. ती कपार तिथून स्पष्ट दिसत होती.

"मिस, मी धावत जाते, दोन मिनिटांत येते. निदान कुणीतरी एकानं चला ना माझ्याबरोबर!"

ग्लेनिसला वाटले, उठावे आणि पोरीचा हात धरून सरळ चालू लागावे. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. पण तिच्या मांडीवर आराखडा होता आणि त्यावर तिच्या चाळीस सह्या होत्या. "नको गं," ती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

"हिच्या टोपीपायी सगळं बोंबललं," मागून कुणीतरी म्हणाले. "ऑक्टोपस नाहीच तिथे, म्हणून मुद्दाम विसरली असणार."

जसिंटाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. साडेबारापर्यंत पाणी परत चढून कपार झाकली गेली. पिगटांनी अहवाल लिहिला: 'जखमी शून्य. सहल पूर्णतः यशस्वी. दरवर्षी याच पद्धतीने आयोजित करावी.'

तीन वाजून पाच मिनिटांनी घंटा झाली. फाटकाबाहेर मायाळू पालक गाड्यांत बसले होते. "जा, खेळा, सहापर्यंत घरी या म्हणजे झालं," ते काचेतून ओरडले. वीसच्या वीस मुलांनी बूट फेकले, टोप्या फेकल्या आणि रस्ता ओलांडून पाण्यात उड्या मारल्या. कपारीवर आता पुरुषभर पाणी होते. जसिंटा बोट दाखवत काहीतरी सांगत होती; कुणी तिकडे बघत नव्हते.

जसिंटाच्या आईने गाडीतून हाक मारली. "काय हो मिस, दिसली का मेव्हिस? पोरगी आठवडाभर झोपली नाही नीट."

ग्लेनिसने तक्ता उघडून तेविसावी ओळ समोर धरली. उवांची. अक्षर आईचेच होते.

"अगं बाई," आई म्हणाली. "मी आपलं काळजीपोटी लिहिलं होतं."

तक्ता पुढच्या वर्षीही तोच वापरायचा आहे. एकेचाळिसावी ओळ नव्या पालकांसाठी रिकामी ठेवली आहे. तुमची मुले कितवीत आहेत?