थंडीच्या लाइनीतली सून

सोमवारपासून रोज चार तास दार लावून बसायचं, एवढीच कंपनीची अट होती. गायत्रीची नोकरी पुण्याची, पण लोणखेड्याच्या घरातून करायला परवानगी मिळाली होती. अडचण होती ती लेकीची, रिनाची. ती नुकतीच चालायला लागली होती, आणि घरातल्या प्रत्येक टोकदार वस्तूशी तिची ओळख झाली होती. गायत्रीचा जीव सारखा टांगणीला. नवरा भरत दिवसभर कॉलेजात. उरल्या सासूबाई. रमिलाबाई नातीला सांभाळायला नाही म्हणत नव्हत्या. पण हो म्हणण्याआधी सून नेमकं करणार काय, हे त्यांना कळायला हवं होतं.

"त्या डबडामा दखाना पगार कोन देस?" लॅपटॉपकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं; नुसतं त्यात बघत बसायचे कोण कशाला पैसे देईल?

गायत्रीने मग पहिल्यापासून सांगितलं. आधी ती बर्फावर स्केटिंग करायची. गिरक्या, उड्या, स्पर्धा, एक राष्ट्रीय पदकसुद्धा. घोटा अधू झाला तशी फिजिक्सकडे वळली. आता क्वांटम कॉम्प्युटरच्या चुका दुरुस्त करणारे प्रोग्राम लिहायचे. हा कॉम्प्युटर बर्फाहूनही कितीतरी थंड ठेवावा लागतो, असं ती बोलून गेली आणि रमिलाबाईंचा चेहरा उजळला. पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. आधी बर्फ, मग बर्फाहून थंड पेटी, वर दुरुस्ती. म्हणजे पोरगी एकाच लाइनीत चढत गेली होती.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली. सकाळी शेजारचे धुडकू आप्पा हातगाडीवर फ्रीज घेऊन ओट्यापाशी हजर.

वरच्या कप्प्यात बर्फाचा एवढा थर साचला होता की दारच लागत नव्हतं. मला यातलं काही येत नाही, असं गायत्री सांगतेय तोवर आप्पांनी स्क्रूड्रायव्हरने बर्फ टोचायला घेतला, आणि रिना दुडूदुडू थेट त्या टोकाकडे निघाली. गायत्रीने झेप घेऊन स्क्रूड्रायव्हर हिसकावला. कुठल्याही आईने हेच केलं असतं. पण गल्लीला दिसलं ते इतकंच, की सुनेने हत्यार हातात घेतलं.

"टोचू नका हो, आप्पा," ती धापा टाकत म्हणाली. "बर्फाशी मारामारी करून भागत नाही. घरी न्या, बटण बंदच राहू द्या, दार उघडं ठेवा. आपणहून सुटेल तो."

दुसऱ्या दिवशी तो फ्रीज मुकाट्याने चालू झाला. आप्पांनी ते सांगायला एकही घर सोडलं नाही.

मग आणखी फ्रीज आले. बहुतेकांचं दुखणं तेच, औषधही तेच. शेवटी शहाद्याहून कुल्फीवाली चांदबी टेम्पोत मोठी पेटी घालून आली. लग्नाची ऑर्डर होती आणि पेटी काही केल्या गार होत नव्हती. गायत्रीने हात जोडले. हे माझ्याच्याने होणार नाही, मिस्त्रीलाच दाखवा, म्हणाली. आता तरी खरं काय ते सगळ्यांना कळेल, म्हणून तिला हायसंही वाटलं.

रमिलाबाई पुढे झाल्या. "गोळ्यासना डाक्टर येगळा नि ऑपरेशनना येगळा. तुन्ही पेटी ऑपरेशननी शे, चांदबी."

मिस्त्रीने पेटी उघडली, दुरुस्त केली, कुल्फी लग्नात वेळेवर पोचली. चांदबीने घरी डबाभर कुल्फी धाडली आणि निरोप पाठवला, "बहू की नजर पक्की है. हाथ लगाए बिना बोल दी."

सोमवार उजाडला. लॅपटॉपवर मीटिंग सुरू व्हायची होती, कडेवर रिना रडत होती आणि ओट्यावर तीन फ्रीज ओळीने उभे होते. आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचंच, असं ठरवून गायत्री बाहेर आली. मी फ्रीज दुरुस्त करत नाही, कधी केलाही नाही. हे सांगितल्यावर सासूबाई रिनाला सांभाळतील का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात रमिलाबाईंनी नातीला तिच्याकडून काढून घेतलं, आपल्या कडेवर बसवलं आणि पहिल्या फ्रीजचं दार सताड उघडलं. रिना रडायची थांबली.

"आठे काय उभी ऱ्हायनी?" त्या सुनेला म्हणाल्या. "बारका बारका फ्रीज मी दखसू. तू मझार जाय, मोठा दख."

गायत्रीने उघडलेलं तोंड मिटलं. ती आत गेली, दार लावलं आणि मोठ्या फ्रीजच्या मीटिंगला बसली.