झुबकीच्या माहेरची मगर

मुलांनो, एका जंगलात एक जांभळाचं झाड होतं. कुठलं जंगल ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही, आणि गोष्ट लांबेल.

त्या झाडावर झुबकी नावाची खार नुकतीच लग्न होऊन आली होती. रुखवतात तिने पिंपळपानांचं एक गाठोडं आणलं होतं. पानापानावर तिने दाताने कुणी ना कुणी कोरलं होतं. जलजा मगर : पाण्याला भिते, दगडावर बसून ताक पिते. चपळराव कासव : पाठीवरचं घर बेडकाला राहायला देऊन स्वतः उघडा हिंडतो. एक वाघ : डरकाळी फोडायला गेला की शिंक येते, नाव ठरायचं आहे.

अशी अकरा पानं. प्रत्येकाच्या शेवटी लिहिलेलं, 'पुढचं नंतर.' कारण नवीन कुणी सुचलं की जुन्याचं पुढचं राहून जाई.

सासरी एक नियम होता. उपयोग नसलेलं सुकं पान थेट अंथरुणात. झुबकीच्या सासूबाई, करवंदीबाई, एक पान वाया जाऊ देत नसत.

झुबकी शेंगा वेचायला गेली असताना त्यांना ते गाठोडं सापडलं. त्यांनी पानं वाचली. नाव, स्वभाव, कुणाला काय आवडतं, कुणाला काय चालत नाही. इतकं बारीक टिपून ठेवतात ते फक्त पाहुण्यांचं. म्हणजे ही सुनेच्या माहेरची माणसं. आणि लग्नात आपण यांतल्या एकालाही बोलावलं नाही. करवंदीबाईंना घाम फुटला.

त्यांनी कावळ्याला हाक मारली. सुनेची पहिली संक्रांत, अकरा जणांना आमंत्रण, आणि वाघासाठी सोबत ओव्याची पुरचुंडी. सर्दी असते ना बिचाऱ्याला.

पत्ता सापडला नाही, असं म्हणायची कावळ्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. संध्याकाळी येऊन त्याने सांगितलं की सगळ्यांना पोचलं. ओवाही पोचला. मगरबाईंनी तर स्वतः सही केली.

झुबकी परतली आणि हे ऐकून खरं सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, पानांवरचे ते पाहुणे निघाले. मी ते गाठोडं अंथरुणातच घालणार होते."

झुबकीने उघडलेलं तोंड मिटलं.

मग काय तयारी! जलजाबाई घाबरू नयेत म्हणून झाडाजवळचा ओहोळ केळीच्या पानांनी झाकला. ताकाचं मडकं भरलं. उघड्या चपळरावांसाठी बंडी शिवली. एवढा घोडा झालेला वाघ आणि अजून बारसं नाही, हे करवंदीबाईंना खटकलं होतं. त्यांनी हळूच एक पाळणाही टांगला.

संक्रांत आली. झुबकी हलव्याचे दागिने घालून बसली. शेजारी तिचा नवरा डहाळजी. त्याने दुपारपर्यंत स्वतःचा अर्धा हार खाल्ला होता.

सगळं जंगल पाहुणे बघायला जमलं. पाहुणे काही येईनात. कावळा आभाळाकडे बघू लागला. साळुंकी कुणाच्या तरी कानात म्हणाली, असतील तर येतील. ते करवंदीबाईंनी ऐकलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. आत जाऊन त्यांनी गाठोडं आणलं आणि झुबकीपुढे ठेवलं.

"सूनबाई, खरं सांग. ही माणसं आहेत की अंथरूण?"

झुबकीने पानांकडे बघितलं.

"आहेत," ती म्हणाली. "जलजाताई निघाल्यासुद्धा. पण वाटेत नदी आडवी आली."

"मग?" डहाळजीने विचारलं. त्याच्या तोंडात हार होता.

झुबकीला आजवर कुणी 'मग?' विचारलंच नव्हतं. ती थोडी पुढे सरकून बसली. मग चपळराव आले, म्हणाली. त्यांनी आपलं रिकामं घर उलटं करून पाण्यात सोडलं. रिकामं म्हणजे, आत बेडूक झोपला होता, पण त्याला कुणी विचारलं नाही. त्यात जलजाताई डोळे मिटून बसल्या. शेवटी वाघ बसला. तो मागे तोंड करून शिंकला की होडी वीस हात पुढे. पुन्हा शिंकला की पुन्हा वीस हात. अशी ती नदीच्या मधोमध आली.

"मग?" आता सगळं जंगल म्हणालं. साळुंकीसुद्धा.

"मग वाघाला कुणीतरी पाठवलेला ओवा आठवला. त्याने तो हुंगला. सर्दी गेली. शिंका थांबल्या. होडी तिथेच आहे."

करवंदीबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. माझाच ओवा."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, देऊ नका," कावळा म्हणाला.

करवंदीबाईंनी त्याच्या पायाला मिरपुडीची पुरचुंडी बांधली आणि त्याला नदीकडे पिटाळलं. मग स्वतःच्या अंथरुणातलं एक कोरं पान ओढून काढलं आणि सुनेपुढे ठेवलं.

"लिही. आणि पुढचं नंतर नको. मगर पाण्यात आहे."

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधी बोलू नये. बोललातच, तर पाहुण्यांना नदीच्या मधोमध सोडून उठू नये.